एमडीच्या व्यसनावर औषध: नॅल्ट्रेक्सोन-ब्युप्रोपियॉन चाचणीच्या आकड्यांचा अर्थ कसा लावावा?

गोदाकाठ (प्रश्न)

नमस्कार. माझा धाकटा भाऊ मेफेड्रोनच्या, म्हणजे सगळे जिला एमडी म्हणतात त्या पावडरच्या व्यसनात अडकला आहे. सुरुवात मित्रांच्या पार्ट्यांमधून झाली, पुढे रात्रपाळ्या निभावण्यासाठी तो ती घेऊ लागला आणि आता ती घेतल्याशिवाय त्याला अंथरुणातून उठवत नाही. मध्यंतरी तो व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला. तिथे असताना आणि बाहेर पडल्यावर काही आठवडे तो चांगला होता, नंतर पुन्हा घसरला. सध्या त्याला स्वतःलाच हे थांबवायचे आहे, आणि आमच्या दबावाखाली तो हे बोलत नाही, इतके मी त्याला ओळखते.

माझा प्रश्न औषधाविषयी आहे. दारू सोडणाऱ्यांसाठी गोळ्या आहेत, गर्द सोडणाऱ्यांना जिभेखाली ठेवायची गोळी मिळते, मग एमडीवर काहीच कसे नाही, असे मी अनेकांना विचारले. माझ्या मावसबहिणीने अमेरिकेतून कळवले की, तिकडे मेथॲम्फेटामाइनच्या, म्हणजे मेथ या उत्तेजक द्रव्याच्या व्यसनावर नॅल्ट्रेक्सोनचे इंजेक्शन आणि ब्युप्रोपियॉनच्या गोळ्या एकत्र देऊन मोठी चाचणी झाली आणि ती यशस्वी ठरली. तिने पाठवलेल्या माहितीत औषध घेणाऱ्यांपैकी १३.६ टक्के लोकांना गुण आला असे लिहिले आहे. शंभरातल्या शहाऐंशी जणांना उपयोग झाला नसेल, तर तज्ज्ञ याला यश कसे म्हणतात, हे मला समजत नाही. शिवाय मेथवर तपासलेले औषध एमडीला लागू पडेल का, ही दोन्ही औषधे आपल्याकडे लिहून मिळतात का, आणि भारतात अशी चाचणी सुरू असेल तर भावाला तिच्यात भाग घेऊ द्यावा का, याबद्दल जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

मनोविकारतज्ज्ञ_विदर्भ

ताई, तुमच्या भावाला स्वतःला थांबायचे आहे, ही उपचाराच्या दृष्टीने फार मोलाची गोष्ट आहे आणि ती टिकून आहे तोवरच त्याला डॉक्टरांकडे न्यावे, हे आधी सांगतो.

तुम्ही ज्या चाचणीबद्दल लिहिले आहे तिचे नाव अडॅप्ट-२. डलास येथील डॉ. मधुकर त्रिवेदी यांच्या नेतृत्वाखाली ती अमेरिकेतील आठ केंद्रांवर २०१७ ते २०१९ या काळात झाली आणि तिचे निष्कर्ष जानेवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. मेथॲम्फेटामाइनचे मध्यम किंवा तीव्र व्यसन असलेले ४०३ प्रौढ तिच्यात होते. प्रवेशाची अट अशी होती की, आधीच्या ३० दिवसांपैकी किमान १८ दिवस त्या व्यक्तीने मेथ घेतलेले असावे. म्हणजे सौम्य, आपोआप सुटू शकणाऱ्या सवयीचे लोक मुद्दाम बाहेर ठेवले होते. औषध गटाला नॅल्ट्रेक्सोनचे ३८० मिलिग्रॅमचे दीर्घकाळ टिकणारे इंजेक्शन दर तीन आठवड्यांनी आणि ब्युप्रोपियॉनची सावकाश विरघळणारी ४५० मिलिग्रॅमची मात्रा रोज देण्यात आली. दुसऱ्या गटाला तशीच दिसणारी, पण औषध नसलेली इंजेक्शने आणि गोळ्या मिळाल्या.

आता १३.६ टक्क्यांकडे वळू. या चाचणीत गुण येण्याची व्याख्या अतिशय कडक होती: टप्प्याच्या शेवटच्या दोन आठवड्यांत घेतलेल्या लघवीच्या चार नमुन्यांपैकी किमान तिनांत मेथचा अंश सापडता कामा नये. ज्याने रोजचे सेवन आठवड्यातून एकदावर आणले, त्याच्या घरात कदाचित मोठा फरक पडला असेल, तरीही तो या मोजणीत अपयशी ठरू शकतो. त्यामुळे उरलेल्या शहाऐंशी जणांना काहीच उपयोग झाला नाही, असा अर्थ या आकड्यातून काढता येत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हा आकडा एकटा वाचायचाच नसतो. औषधाविना हीच कसोटी पार करणाऱ्यांचे प्रमाण फक्त २.५ टक्के होते. दोहोंतला फरक ११.१ टक्क्यांचा, म्हणजे साधारण नऊ जणांना हे उपचार दिले तर त्यांपैकी एकजण असा निघतो जो औषध नसते तर त्या कसोटीला उतरला नसता. नैराश्यावरच्या अनेक औषधांचा परिणामही याच पट्ट्यात मोजला जातो आणि आम्ही ती रोज लिहून देतो. ज्या व्यसनावर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने आजवर एकाही औषधाला मान्यता दिलेली नाही, तिथे नऊमध्ये एक हा फरक मला खरोखरच मोठा वाटतो. मात्र याच कारणासाठी कोणाही कुटुंबाला मी ‘या औषधाने तो सुटेल’ असे सांगणार नाही.

मेथकडून एमडीकडे जाताना सावधपणे पाऊल टाकावे लागते. दोन्ही द्रव्ये रासायनिकदृष्ट्या एकाच कुळातली आहेत आणि दोन्ही मेंदूतील डोपामाइन हे रसायन एकदम मोकळे सोडतात. ब्युप्रोपियॉन डोपामाइन आणि नॉरॲड्रेनॅलिन यांचे पुन्हा शोषण काही अंशी रोखते, त्यामुळे व्यसन थांबल्यावर येणारी मरगळ आणि उदासी कमी व्हावी, आणि नॅल्ट्रेक्सोनने मेंदूतील ओपिऑइड (अफू, गर्द यांच्या वर्गातील द्रव्ये) जिथे चिकटतात ते ग्राहक (रिसेप्टर) अडवून तलफ आणि नशेतून मिळणारे सुख बोथट करावे, असा त्यामागचा विचार आहे. हा विचार एमडीलाही लागू पडू शकतो. पण मेफेड्रोन सेरोटोनिन या मेंदूतील दुसऱ्या रसायनावरही जोरकस काम करते, त्याचा अंमल लवकर उतरतो आणि म्हणून लोक एकाच रात्री ते पुन्हा पुन्हा घेतात. अडॅप्ट-२ मधल्या लोकांचे व्यसन मेथचे होते. तिचे आकडे तुमच्या भावाच्या नावापुढे जसेच्या तसे लिहिता येणार नाहीत.

दोन्ही औषधांचे धोके मात्र अगदी नीट ठाऊक आहेत. ब्युप्रोपियॉनने फिट येऊ शकते. ज्यांना पूर्वी फिट आली आहे, ज्यांना खाण्याचे विकार आहेत, किंवा जे भरपूर दारू अथवा झोपेच्या गोळ्या एकदम बंद करत आहेत, त्यांना ते देत नाहीत. एमडीची झिंग उतरवायला दारू किंवा अल्प्राझोलाम ही झोपेची गोळी घेणारी मुले मी नेहमी पाहतो, म्हणून हे ठळकपणे लिहितो. नॅल्ट्रेक्सोन देण्याआधी सात ते दहा दिवस शरीरात कोणतेही ओपिऑइड नसावे लागते, नाहीतर तीव्र विथड्रॉवल, म्हणजे नशा तुटल्याचा त्रास, सुरू होतो. गर्दच काय, ट्रॅमाडॉलच्या गोळ्या आणि कोडीनचे खोकल्याचे औषधही त्यात आले. यकृताची तपासणीही आवश्यक असते. त्याला संशय येणे, कानात आवाज येणे असले काही होत असेल, तर आधी त्यावर उपचार व्हायला हवेत, कारण ब्युप्रोपियॉनने ते वाढू शकते.

गोदाकाठ

डॉक्टर, इतके समजावून सांगितल्याबद्दल मनःपूर्वक आभार. तो झिंग उतरवण्यासाठी कधीकधी झोपेच्या गोळ्या घेतो हे मला माहीत आहे आणि ते डॉक्टरांना सांगायला हवे हे आता कळले. एक शंका उरते. आजारी माणसाला मुद्दाम औषध नसलेले इंजेक्शन द्यायचे, हे मला मनातून पटत नाही. माझा भाऊ त्या गटात गेला तर त्याचे ते महिने वाया गेले असे होणार नाही का? आणि घरी लघवी तपासायची पट्टी आणून आम्हीच लक्ष ठेवले तर चालेल का?

चाचणी_समन्वयक_मुंबई

मी वैद्यकीय चाचण्यांच्या समन्वयाचे काम करते आणि तुमचा पहिला प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक नातेवाइकाने विचारलेला आहे. त्याचे उत्तर देण्यासाठी याच क्षेत्राचा इतिहास पाहावा लागतो, कारण उत्तेजक द्रव्यांच्या व्यसनावरील औषधांमध्ये सुरुवातीची आशा नंतर मावळल्याची उदाहरणे फार आहेत.

मोडाफिनिलचेच पाहा. कोकेनच्या व्यसनावर २००५ मध्ये ६२ जणांवरील लहान चाचणीत त्याचा चांगला परिणाम दिसला आणि बऱ्याच डॉक्टरांच्या आशा उंचावल्या. त्याच गटाने २०१२ मध्ये २१० जणांवर पुन्हा तपासले तेव्हा प्लासिबोपेक्षा, म्हणजे तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळीपेक्षा, ते सरस ठरले नाही. कोकेनविरोधी लसही निघाली होती. रक्तातले कोकेन मेंदूत पोहोचण्याआधीच प्रतिपिंडांनी त्याला धरून ठेवावे, अशी ती अतिशय सुंदर कल्पना होती. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ११५ जणांना घेतले होते आणि लस मिळालेल्यांपैकी जेमतेम ३८ टक्के लोकांमध्येच पुरेशी प्रतिपिंडे तयार झाली. नंतरच्या ३०० जणांच्या चाचणीत लसीचा अपेक्षित उपयोग सिद्ध झाला नाही. ऑस्ट्रेलियात ॲसिटिलसिस्टीन, म्हणजे आपल्याकडे कफ पातळ करण्यासाठी पाण्यात विरघळवून देतात ते साधे, स्वस्त औषध, मेथ घेणाऱ्या १५३ जणांवर बारा आठवडे तपासले गेले. तेही व्यर्थ ठरले. तुलनेसाठी दुसरा गट नसता, तर चाचणीत सामील झाल्यावर लोक आपोआप जितके सुधारतात तितक्या सुधारणेचे श्रेय या सर्व औषधांना मिळाले असते आणि आज हजारो कुटुंबे त्यांवर पैसे खर्च करत राहिली असती.

याच्या उलट उदाहरणही आहे आणि ते मी मुद्दाम सांगते. मिर्टाझापिन हे नैराश्यावरचे जुने औषध सॅन फ्रान्सिस्कोमध्ये मेथच्या व्यसनावर तपासले गेले. पहिली चाचणी ६० जणांची होती आणि तिचे निष्कर्ष २०११ मध्ये आले. दुसरी १२० जणांची, तिचे २०२० मध्ये. दोन्ही वेळा औषध गटातील मेथचा वापर अधिक कमी झाला. दुसऱ्यांदा तोच निकाल मिळणे या क्षेत्रात दुर्मीळ आहे. तिच्यातील सहभागी पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष आणि तृतीयपंथी स्त्रिया होत्या, म्हणून तो निकाल इतर सर्वांना तसाच लागू होईल असे म्हणता येत नाही, आणि वजन वाढण्याची तक्रारही होती. तरी मला त्या दोन चाचण्यांबद्दल आदर वाटतो.

प्लासिबोच्या गटात गेलेल्या माणसाला वाऱ्यावर सोडलेले नसते. अडॅप्ट-२ मध्ये दोन्ही गटांना समुपदेशन आणि नियमित तपासणी मिळत होती. तिची रचनाही विचारपूर्वक केलेली होती. सहा-सहा आठवड्यांचे दोन टप्पे होते, आणि पहिल्या टप्प्यात प्लासिबो घेऊनही ज्यांच्यात सुधारणा झाली नाही अशा २२५ जणांना दुसऱ्या टप्प्यासाठी पुन्हा सोडतीने दोन गटांत वाटले गेले. त्यामुळे त्यांच्यातील निम्म्या लोकांना नंतर खरे औषध मिळाले. इंजेक्शन आणि गोळ्या घेणाऱ्या गटातील ३.६ टक्के लोकांना गंभीर प्रतिकूल घटना सोसाव्या लागल्या, हेही लक्षात ठेवावे. ज्याला प्लासिबो मिळते तो औषधाचा लाभ गमावतो तसाच त्याचा धोकाही टाळतो, आणि दोहोंपैकी कोणते पारडे जड आहे हे चाचणी संपेपर्यंत कोणालाच माहीत नसते. माहीत असते तर चाचणी करण्याची परवानगीच मिळाली नसती.

भारतात चाचणी शोधायची असेल तर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची सीटीआरआय ही नोंदवही सर्वांना खुली आहे. १५ जून २००९ पासून औषधांच्या चाचण्यांची तिथे आधी नोंदणी करणे बंधनकारक आहे. कोणी चाचणी म्हणून काही देत असेल आणि नोंदणी क्रमांक सांगत नसेल, तर तिथून सरळ उठून यावे. संमतिपत्रक मराठीत मागून घ्या, ते घरी आणून वाचा, आणि नैतिकता समितीच्या संपर्काचा तपशील त्यात आहे का ते पाहा. २०१९ च्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार आणि नुकसानभरपाई यांची तरतूद आहे, आणि कारण न देता केव्हाही बाहेर पडता येते. माझ्या मते सर्वांत उपयुक्त प्रश्न असा की, चाचणी संपल्यावर औषध लागू पडत असेल तर ते पुढे मिळणार का आणि कोणाच्या खर्चाने. हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात.

लघवीच्या पट्टीबद्दल एक तांत्रिक अडचण आहे. बाजारातील नेहमीच्या पट्ट्या ॲम्फेटामाइन, मेथ, गांजा, ओपिऑइड वगैरे ओळखण्यासाठी बनवलेल्या असतात आणि मेफेड्रोन त्यांत खात्रीने पकडले जात नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतली क्रोमॅटोग्राफीची तपासणी लागते. घरची पट्टी कोरी निघाली म्हणून त्याने घेतले नाही असे तुम्ही धरून चालाल, किंवा तो खरे सांगत असताना चुकीच्या पट्टीमुळे त्याच्यावर अविश्वास दाखवाल, आणि दोन्हींत नुकसानच आहे. उद्या आपल्याकडे एमडीवर औषधाची चाचणी करायची झाली तर हाच खर्चाचा मोठा भाग असेल. आठवड्यातून दोनदा, शेकडो लोकांचे नमुने अशा प्रयोगशाळेत पाठवणे सोपे नाही.

एका_मुलाचे_वडील_पुणे

ताई, माझ्या मुलालाही हेच व्यसन होते. आमच्या अनुभवात एमडीसाठी वेगळे औषध असे नव्हते. डॉक्टरांनी त्याच्या नैराश्यावर आणि झोपेवर उपचार केले, आणि बाकीचे काम समुपदेशन, फॉलोअप आणि एन.ए.च्या (नार्कोटिक्स ॲनॉनिमस या स्वमदत गटाच्या) मीटिंगांनी केले. व्यसन थांबल्यानंतरचे पहिले काही आठवडे तो फार खचलेला असे, दिवसचे दिवस झोपून राही आणि जगण्यात अर्थ नाही असे बोले. त्या काळात आम्ही त्याला एकटे ठेवले नाही. तुमच्याकडेही असे काही बोलणे ऐकू आले तर वाट पाहू नका. मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, आणि व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारचा १४४४६ हा मोफत क्रमांक आहे.

पोलिसांच्या भीतीने अनेक घरे डॉक्टरांकडे जात नाहीत, म्हणून हेही लिहितो. मेफेड्रोन २०१५ पासून अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आहे हे खरे. पण त्याच कायद्याच्या ६४-अ कलमानुसार, केवळ सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वखुशीने सरकारी किंवा मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेत असेल, तर तिला त्या आरोपावरील खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. उपचार अर्धवट सोडल्यास ते काढूनही घेता येते. तपशील वकिलाला विचारावा.

मावळतीचा_किनारा (कॅलिफोर्निया)

मी इथे एका व्यसनमुक्ती कार्यक्रमात समुपदेशक आहे. औषधाची चर्चा चालू असताना एक गोष्ट नोंदवावीशी वाटते: उत्तेजक द्रव्यांच्या व्यसनावर आजवर सर्वाधिक पुरावा जमला आहे तो औषधाचा नाही, बक्षीस देण्याच्या पद्धतीचा. लघवीचा नमुना स्वच्छ निघाला की लगेच लहानसे बक्षीस किंवा खरेदीचे कूपन द्यायचे आणि सलग स्वच्छ नमुने येत गेले की त्याची किंमत वाढवत न्यायची. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत ही पद्धत २०११ पासून चालू आहे, आणि कॅलिफोर्नियात गरिबांच्या सरकारी आरोग्य योजनेखाली एका व्यक्तीला वर्षाला ५९९ डॉलरपर्यंत बक्षिसे देता येतात. ऐकणाऱ्याला हे लाच दिल्यासारखे वाटते, आणि कार्यक्रम संपल्यावर परिणाम ओसरतो ही टीकाही योग्य आहे. तरी उपचारात टिकून राहणाऱ्यांची संख्या तिने वाढते हे मी रोज पाहते. तुमच्या भावाच्या समुपदेशकांशी याबद्दल जरूर बोला. घरच्या घरी पैशांचे आमिष दाखवून मात्र हे करू नये, कारण तपासणारा आणि बक्षीस देणारा तटस्थ असावा लागतो.

गोदाकाठ

सर्वांचे आभार. येत्या आठवड्यात एका मानसोपचारतज्ज्ञांची वेळ मिळाली आहे आणि भाऊ यायला तयार आहे. एक शेवटचे विचारते. इंजेक्शन मिळाले नाही किंवा परवडले नाही, तर नॅल्ट्रेक्सोनची रोजची गोळी आणि ब्युप्रोपियॉन असे घेऊन तोच परिणाम मिळेल का?

मनोविकारतज्ज्ञ_विदर्भ

नॅल्ट्रेक्सोनची ५० मिलिग्रॅमची गोळी आपल्याकडे दारूच्या आणि ओपिऑइडच्या व्यसनासाठी वापरात आहे, आणि ब्युप्रोपियॉनही डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळते. म्हणून हा प्रश्न अगदी व्यवहाराचा आहे. पण अडॅप्ट-२ ने इंजेक्शन तपासले, गोळी नाही. इंजेक्शन एकदा दिले की काही आठवडे औषध शरीरात राहते, रुग्णाची इच्छा डळमळली तरी ते काढून टाकता येत नाही. गोळी मात्र तलफ आली त्याच सकाळी टाळता येते. त्या चाचणीत ब्युप्रोपियॉनच्या गोळ्यांसाठीसुद्धा रोज फोनवर गोळी घेतानाचे चित्रण पाठवण्याची सोय केली होती, यावरून संशोधकांना या अडचणीची किती जाणीव होती ते लक्षात येईल.

आपल्या देशातील परिस्थितीही विचारात घ्यावी लागते. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणात ॲम्फेटामाइन वर्गातील द्रव्ये घेणाऱ्यांचे प्रमाण ०.१८ टक्के आणि कोकेन घेणाऱ्यांचे ०.१० टक्के आढळले, तर ओपिऑइडचे २ टक्क्यांहून थोडे अधिक होते. साहजिकच आपली केंद्रे आणि आपला अनुभव दारू आणि ओपिऑइड यांभोवती वाढला. एमडीच्या रुग्णाला ही जोडगोळी देणारा डॉक्टर मान्यता नसलेल्या उपयोगासाठी, स्वतःच्या जबाबदारीवर आणि रुग्णाला तसे स्पष्ट सांगूनच देईल. काही डॉक्टर देतील, काही देणार नाहीत, आणि दोघांचीही कारणे रास्त असू शकतात.

भेटीला जाताना भाऊ सध्या काय काय घेतो त्याची पूर्ण यादी न्या: झोपेच्या गोळ्या किती आणि किती दिवसांपासून, दारू किती, वेदनाशामक कोणती, खोकल्याचे औषध घेतो का. लहानपणी तापात आलेली फिट असेल तर तीही सांगा. झोपेच्या गोळ्या रोजच्या असतील, तर त्या स्वतःहून बंद करून जाऊ नका. त्या सावकाश कमी करण्याचे वेळापत्रक आधी ठरेल आणि ब्युप्रोपियॉनचा विचार त्यानंतरच करता येईल.